एका दिवसाचं जुनं गाव : तीन पिढ्यांना घेऊन वाई-मेणवली (तुमची गावंही सांगा)

पिंपळपार

सुट्टीच्या दिवशी पुण्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्या बघितल्या की जाणवतं, सगळे त्याच चार ठिकाणी चाललेत. सिंहगड, लोणावळा, पाचगणी, नाहीतर एखादं शेतावरचं रिसॉर्ट. घरात सत्तरीच्या सासूबाई, शाळेत जाणारी मुलं आणि मधे आपण, असे असू तर यातलं काहीच सगळ्यांना धड पुरत नाही. गडावर आजींना चढवत नाही. रिसॉर्टवर मुलं पाण्यात आणि मोठी माणसं खुर्चीत, दिवसभर एकमेकांशी बोलणंच होत नाही. माझं आता पक्कं मत झालंय की तीन पिढ्यांना एका दिवसासाठी नदीकाठच्या जुन्या गावासारखी जागा नाही. घाटावर बसायला पायऱ्या असतात, देवळात सावली असते, दोन ठिकाणांमध्ये चालण्याइतकंच अंतर असतं आणि आजींकडे मुलांना सांगण्यासारखं काहीतरी असतंच.

आमच्यासाठी हे गाव म्हणजे वाई. महाबळेश्वरला जाताना हजारो लोक तिथून पुढे जातात, पण गाडीतून उतरतात ते ढोल्या गणपतीपुरते. पूर्ण दिवस वाईला द्या, असं मी सगळ्यांना सांगते.

आमचा क्रम असा असतो. पुण्यातून सहाच्या सुमारास निघायचं, म्हणजे खंबाटकीत अडकत नाही. सुरूर फाट्यावरून आत वळलं की थोड्याच वेळात वाई येतं, पण तिथे न थांबता आधी मेणवली गाठायची. उन्हं वर यायच्या आत मेणवलीचा घाट बघायला हवा. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे नदीकडे उतरणारा घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि वडा-पिंपळाच्या सावल्या. साडेतीन शहाण्यांपैकी हा अर्धा शहाणा पानिपतातून जिवंत परतला आणि पुढे पेशवाईचा कारभार त्याने कित्येक वर्षं सांभाळला, एवढं मुलांना गाडीतच सांगून ठेवलं तर वाड्यातल्या खोल्या त्यांना नुसत्या खोल्या वाटत नाहीत. वाडा खासगी मालकीचा आहे, तेव्हा उघडा आहे का ते विचारून, परवानगी घेऊनच आत जावं.

मेणवलीतली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे घाटावरच्या देवळाजवळची घंटा. ही आपल्याकडची देवळातली घंटा नाही. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे, १७०७ हे साल आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांबरोबर घाट चढून देशावर आल्या आणि देवळांमध्ये टांगल्या गेल्या. त्यातली ही एक. आमच्या मुलीने ती आकृती स्वतः शोधून काढली आणि मग तिथून हलायला तयार होईना. सनावळ्या पाठ करून जे कळत नाही ते त्या धातूला हात लावून कळतं. माल कुठून कुठे गेला, माणसं कुठून कुठे गेली, एका देवाची घंटा दुसऱ्या देवाच्या दारात कशी आली!

मेणवलीहून धोम. नृसिंहाचं देऊळ, आणि समोर दगडी कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. कुंडात पाणी असेल तर तो पाण्यातल्या कमळात बसल्यासारखा दिसतो. तिथे आम्ही फार वेळ घालवत नाही, मुलांचं कासव बघून झालं की निघतो.

दुपारी वाईत जेवण, सासूबाईंना थोडी विश्रांती आणि ऊन उतरल्यावर गणपती आळीचा घाट. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ त्याच्या काही वर्षं आधीचं, तेही रास्त्यांचंच. दर्शन घेऊन लगेच निघू नका. काशीविश्वेश्वरासमोरचा काळ्या दगडाचा नंदी नीट बघा, त्याच्या गळ्यातल्या साखळ्या-घंटांचं काम बघा. मग घाटावर बसा. संध्याकाळी गावातली माणसं तिथे येतात, मुलं खेळतात, कोणी पायऱ्यांवर बसून गप्पा मारतं. तो तास चुकवायचा नाही.

ज्यांना पुस्तकांचं वेड आहे त्यांच्यासाठी अजून एक. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चाललं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मूळचे खानदेशातले, शिकायला वाईच्या प्राज्ञपाठशाळेत आले आणि इथलेच झाले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. विनोबाही गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन याच पाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे वेदान्त शिकायला आले होते. माझ्या सासऱ्यांनी घाटावर बसून हे नातवाला सांगितलं, तेव्हा तो विश्वकोश आपण शाळेच्या प्रकल्पासाठी मोबाइलवर उघडतो तोच, हे कळून पोरगा चकित झाला.

तुमच्या भागातली अशी गावं सांगा. अट एकच, एका दिवसात जाऊन येण्यासारखं हवं आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाला झेपायला हवं.

कृष्णाकाठ

वाईकर आहे, वाचून फार बरं वाटलं. थोडी भर घालतो.

ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू बघायला विसरू नका. बहुतेक लोक समोरून दर्शन घेऊन जातात. मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार बांधली आहे. देऊळ अगदी नदीच्या पात्रालगत असल्यामुळे पुराचं पाणी त्या टोकावर दुभंगावं आणि दोन्ही बाजूंनी निघून जावं, म्हणून ही रचना. अडीचशे वर्षांत कृष्णेने किती पूर आणले आणि देऊळ जागच्या जागी आहे. मुलांना पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू जास्त आवडते असा माझा अनुभव आहे.

वाईत घाट एकच नाही. गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी, भीमकुंड, अशा आळ्यांचे आपापले घाट आहेत. माघापासून पुढे ओळीने प्रत्येक घाटावर कृष्णाबाईचा उत्सव होतो. नदीला देवी मानून तिची मूर्ती घाटावर आणून बसवतात. कीर्तन, गाणं, प्रसादाची पंगत. परंपरा अशी सांगतात की अफझलखान वाईत तळ देऊन होता, तेव्हा शिवाजी महाराजांना यश मिळावं म्हणून शेंडे शास्त्र्यांनी कृष्णाबाईला नवस केला, त्यातून हा उत्सव सुरू झाला. खान वाईचा सुभेदार होताच, आणि १६५९ मध्ये प्रतापगडाकडे निघण्याआधी त्याचा मुक्काम इथेच होता. उत्सवाच्या दिवसांत आलात तर वाईचं खरं रूप दिसेल. तारखा आळीप्रमाणे वेगळ्या असतात, येण्याआधी विचारून या.

आता दोन कळकळीच्या सूचना. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही दिवस घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. वरती धोम धरण आहे, पाणी सोडलं की पातळी वाढते. लहान मुलांना खालच्या पायरीवर एकटं सोडू नका. आणि गाडी आळ्यांच्या आत घालू नका. त्या गल्ल्या बैलगाड्यांच्या काळातल्या आहेत. बाहेर गाडी लावून चालत या, पाच-दहा मिनिटांचाच रस्ता आहे.

सायली_वन

धागा आवडला, निवडक दहात (माझ्या आवडत्या धाग्यांच्या यादीत) टाकलाय. पण प्रामाणिकपणे विचारते, सहा-सात वर्षांची मुलं देवळं-वाडे बघून कंटाळत नाहीत का? आमच्याकडे दुसऱ्या देवळानंतर "अजून किती?" सुरू होतं.

पिंपळपार

@सायली_वन, कंटाळतात, जर त्यांना नुसतं चालवलं तर. त्यांना काम द्यावं लागतं. आम्ही प्रत्येकाला एक चित्रवही देतो आणि प्रत्येक गावात एकच वस्तू निवडायला सांगतो, जी त्यांनी काढायची. कोणी दीपमाळ काढतं, कोणी कासव. चित्र काढायला पंधरा-वीस मिनिटं एका जागी बसलं की मुलं आपल्याला न दिसलेल्या गोष्टी दाखवायला लागतात. तेवढ्यात आजींचेही पाय मोकळे होतात.

दुसरं, एका धाग्याने गावं जोडता येतात. मेणवलीची घंटा बघितली की वसईच्या बाकीच्या घंटा शोधायच्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळात आहे. नारोशंकराची तर शहरभर प्रसिद्ध आहे. आमच्या घरी आता पुढची सहल कुठे हे मुलंच ठरवतात, कारण त्यांना पुढची घंटा बघायची असते.

घाटमाथा

छान लिहिलंय. मात्र वाईपर्यंत गेल्यावर पसरणी घाट चढलं की पाचगणी. टेबललँड, स्ट्रॉबेरी, थोडं पुढे भिलार, पुस्तकांचं गाव. एवढं जवळ असताना सोडायचं म्हणजे जिवावर येतं. सकाळी वाई, दुपारी पाचगणी-भिलार, असं का नको?

पिंपळपार

@घाटमाथा, भिलार मलाही मनापासून आवडतं. पण त्यासाठी वेगळा दिवस काढा. दुपारी पसरणी चढायचं म्हटलं की सकाळपासून घड्याळ बघणं सुरू होतं. मेणवलीत मुलगी घंटेपाशी रमली असती तर मी तिला "चल चल" म्हणत ओढून नेलं असतं. वाईची संध्याकाळ तर हातची गेलीच. शिवाय सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्यांची रांग लागते, आणि वळणांवर आजींना आणि मुलांना दोघांनाही त्रास होतो. एका दिवशी एकच गाव, यावर मी ठाम आहे.

लाटांवर

आम्ही ठाण्याचे. वाई एका दिवसात करायची तर येण्या-जाण्यात आठ-नऊ तास जातील, म्हणजे तुमच्या अटीत बसत नाही. मुंबईच्या बाजूची गावं कोणी सांगेल का?

नारळी_पुनव

@लाटांवर, चौल-रेवदंडा. डोळे मिटून जा.

गेटवेहून बोटीने मांडवा, तिथून अलिबाग आणि पुढे रेवदंडा. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा ऑक्टोबर ते मे धरा. बोट हीच मुलांची अर्धी सहल असते, सीगल पक्षी मागे लागतात तेव्हा तर काही बोलायलाच नको.

चौल हे फार जुनं बंदर. सातवाहनांच्या काळापासून, ग्रीक-रोमन लेखकांनाही माहीत असलेलं. आज तिथे उभं राहिलं तर नारळी-पोफळीच्या वाड्या, लाल रस्ता आणि शांतता. एवढं मोठं बंदर इथे होतं यावर विश्वास बसत नाही. खाडी गाळाने भरत गेली, व्यापार मुंबईकडे सरकला आणि चौल वाड्यांचं गाव झालं. रामेश्वराचं देऊळ आणि त्यासमोरची पुष्करणी बघा. देवळात पर्जन्यकुंड आहे, पाऊस लांबला की ते उघडायची तिथली परंपरा आहे. आजी मंडळींना हे ऐकायला फार आवडतं.

रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचं चौल. किल्ल्याच्या तटाच्या आतच गाव वसलेलं आहे, रस्ताही तटातून आत जातो. पडक्या चर्चच्या भिंती, उंच मनोरा आणि समुद्राच्या बाजूचा तट. सगळं सपाटीवर आहे, चढण अजिबात नाही. वसईनंतर १७४० मध्ये हेही मराठ्यांकडे आलं, म्हणजे पिंपळपार यांची घंटेची गोष्ट इथे पुढे चालू राहते.

आणि एक गोष्ट जी तिथे जाणाऱ्या बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास, म्हणजे वास्को द गामाच्या जवळपास तीस वर्षं आधी, चौलला उतरला होता. घोडा विकायला आणला होता त्याने! त्याचं स्मारक रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात आहे. शाळेची वेळ सोडून आणि विचारून जावं.

वेळ उरला तर कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली घरात बोलतात. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली, बोली राहिली. मला हे किल्ल्यापेक्षा मोठं वाटतं.

लाटांवर

@नारळी_पुनव, मनापासून आभार! निकितिनबद्दल काहीच माहीत नव्हतं. आईला बोटीत चढताना आधार लागतो, तेवढंच बघावं लागेल.

नारळी_पुनव

बोटीत चढवताना खलाशी हात देतात, पण धक्क्यावरच्या पायऱ्या ओल्या असतात आणि बोट हलत असते. गुडघे फारच दुखत असतील तर भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट नेणारी रो-रो घ्या. किंवा बोट सोडून वसई करा. वसई रोड स्टेशनपासून रिक्षा किंवा बस किल्ल्यापर्यंत जाते, आत सपाट वाटा आहेत, चर्चच्या कमानींखाली भरपूर सावली आहे. चिमाजी अप्पांचं स्मारकही तिथेच आहे.

कऱ्हेकाठी

पुण्याच्या लोकांना वाईही लांब वाटत असेल तर सासवड बघा. दिवे घाट चढला की झालं, तासाभरात पोचता. सकाळी उशिरा निघालात तरी चालतं, म्हणून अगदी लहान बाळ किंवा आजारातून उठलेलं माणूस बरोबर असेल तर मी सासवडच सुचवेन.

संगमेश्वराचं देऊळ कऱ्हा आणि चांबळीच्या संगमावर आहे. चांगावटेश्वर थोडं बाहेर, चांगदेवांशी जोडलेलं. दगडातलं कोरीव काम दोन्हीकडे सुंदर आहे. सोपानदेवांची समाधी गावात आहे. माऊलींची भावंडं चार गावांत विसावली, आळंदी, त्र्यंबकेश्वर, सासवड आणि मुक्ताईनगर. ही चारही गावं मुलांना एकेक करून दाखवावीत अशी माझी फार इच्छा आहे. पुरंदऱ्यांचे वाडे बाहेरून तरी बघाच. अलीकडच्या काळातलं म्हणाल तर आचार्य अत्रे इथल्या मातीतले, १८९८ मध्ये जवळच्या कोडीतला जन्म.

येताना अंजीर आणि हंगामात सीताफळं रस्त्यावर शेतकऱ्यांकडूनच घ्या.

आषाढी वारीत माऊलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी असते. त्या दिवसांत गाडी घेऊन सहलीला येऊ नका, घाट बंद असतो. वारी बघायलाच यायचं असेल तर चालत या, तो अनुभव निराळाच.

गोदातीर

नाशिककरांसाठी सिन्नर. गोंदेश्वराचं देऊळ यादवांच्या काळातलं, मधे महादेव आणि चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं असं पंचायतन. आवार मोठं आणि मोकळं, मुलं मनसोक्त पळतात आणि मोठ्यांना शिल्पं बघायला वेळ मिळतो. इतकं महत्त्वाचं देऊळ आणि बहुतेक वेळा शंभर माणसंही नसतात! वेगळ्या दिवशी चांदवड करा, अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आणि रेणुकामाता. लाकडावरचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे.

लाल_परी_प्रेमी

सगळेजण गाडी धरूनच लिहिताहेत म्हणून सांगतो, यातली बरीच गावं एसटीने उत्तम होतात. स्वारगेटहून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या वाईवरून जातात. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत, पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं तिकीट आणि महिलांना सगळ्यांनाच अर्धं तिकीट. आमच्या कुटुंबाचं भाडं पेट्रोलपेक्षा खूपच कमी होतं. वाई स्टँडवरून घाट चालत जाता येतो. मेणवलीला रिक्षा ठरवायची, थांबण्याचे पैसे आधी बोलून घ्यायचे. गाडी चालवणाऱ्या माणसालाही सहल मिळते हा यातला सगळ्यात मोठा फायदा. नाहीतर घरातलं एक माणूस दिवसभर रस्ता आणि पार्किंगच बघत असतं.

माणदेशी_वारा

औंधाचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. पुण्यातलं औंध नव्हे, खटाव तालुक्यातलं. साताऱ्याहून साधारण तासाभराचा रस्ता. पुण्याहून एका दिवसात होतं पण पहाटे निघावं लागेल. कराड, सातारा, सांगलीकरांना मात्र अगदी सोयीचं.

डोंगरावर यमाईचं मूळपीठ आणि त्याच डोंगराच्या उतारावर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय. औंधचे राजे भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, यांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह १९३८ मध्ये या इमारतीत लोकांसाठी खुला केला. रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे आहेत. हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प तिथे आहे. अशा दुष्काळी भागातल्या एका छोट्या गावात हे सगळं आहे, हे कितीही वेळा सांगितलं तरी लोकांना पटत नाही.

राजा स्वतः चित्रकार होता. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्याने आश्रय दिला आणि तिच्यासाठी स्वतः चित्रंही काढली. सूर्यनमस्काराचा प्रसार केला. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी आपल्या संस्थानात जागा दिली, त्यातून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना लागू करून कारभार प्रजेच्या हाती सोपवला. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षं होती. माझे आजोबा औंध संस्थानातले, त्यांच्या तोंडून मी हे ऐकलंय आणि माझ्या मुलांना मी संग्रहालयाच्या पायऱ्यांवर बसून सांगितलंय.

मूळपीठावर जायला पायऱ्या आहेत, पण गाडीही वरपर्यंत जाते. संग्रहालय उघडं असण्याचा वार आणि वेळ आधी फोन करून विचारा. तिथे चित्रांना हात लावू नये, फोटोचे नियम पाळावेत, हे मुलांना आधीच बजावून ठेवा.

पिंपळपार

@माणदेशी_वारा, हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र धाग्याचा ऐवज आहे. कृपया लिहाच. औंध पुढच्या यादीत सगळ्यात वर.

मांडवी_काठ

गोव्यातून : सावंतवाडी. म्हापशाहून तासाभरात पोचतो. मोती तलावाच्या काठाने फेरी, राजवाड्यात गंजिफाचे पत्ते रंगवणारे कलाकार काम करताना बघायला मिळतात. दशावताराच्या गंजिफाचा एक जोड एकशेवीस पत्त्यांचा, सगळे गोल आणि सगळे हाताने रंगवलेले. चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणी. आमच्या घरातली भातुकली तिथलीच.

सायली_वन

आता एक अवघड विषय. गेल्या महिन्यात एका घाटावर गेलो होतो (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही). लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलेल्या मंडळींनी दीपमाळेपाशी धुराच्या नळकांड्या लावल्या होत्या, पायऱ्यांवर थर्माकोल आणि प्लास्टिकची फुलं तशीच टाकून गेले. सासऱ्यांनी शांतपणे समजावायचा प्रयत्न केला, तर "परवानगी घेतलीय" एवढंच उत्तर. फार वाईट वाटलं. आपण अशा जागांची नावं अशी जाहीर लिहावीत का, असा प्रश्न पडला.

कृष्णाकाठ

@सायली_वन, तुमचं दुःख आम्हाला रोजचं आहे. पण नावं लिहा असंच मी म्हणेन. जी माणसं चित्रवह्या घेऊन येतात, देवळाची मागची भिंत बघतात, ती वाढली तर गावालाही कळतं की या जुन्या दगडांना किंमत आहे. वाईत कितीतरी वाडे गेल्या काही वर्षांत पडले आणि त्या जागी इमारती आल्या. जे उरलेत त्यांच्या मालकांना वाडा राखणं परवडत नाही. कोणी आस्थेने बघायला आलं, दोन प्रश्न विचारले, गावात जेवलं, बाजारातून हळद घेऊन गेलं, तर त्याचा उपयोग होतो. आमच्या गावची हळद चांगली असते, हेही या निमित्ताने सांगतो.

फक्त एवढं करा. राहत्या वाड्याच्या अंगणात न विचारता शिरू नका, पडवीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. विचारलं तर बहुतेक घरी आत बोलावून पाणी देतील. आणि आणलेला कचरा गाडीत परत न्या, घाटावरचं काहीही शेवटी कृष्णेतच जातं.

घाटमाथा

@पिंपळपार, तुमचं म्हणणं मान्य. पाचगणी वगळली. पण मेणवली-वाई उरकून परतताना लिंबची बारा मोटेची विहीर बसते का? मुलाला मोट, म्हणजे बैलांनी विहिरीतलं पाणी ओढायची कातडी पिशवी, कशी चालायची हे दाखवायचंय.

पिंपळपार

विहीर अप्रतिम आहे, पण परतीच्या वाटेवर ती नाही. सुरूरला महामार्गाला लागल्यावर पुण्याच्या उलट दिशेला, साताऱ्याकडे जावं लागतं. तिचा वेगळा दिवस करा, सातारा आणि लिंब असा. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसल्यांनी ती आमराईला पाणी द्यायला बांधली. वरून बघितली की शिवलिंगाचा आकार दिसतो आणि आत चक्क छोटा महाल आहे. एकाच वेळी बारा मोटा चालायच्या त्या जागा वर अजून दिसतात. मोटेची दोरी कुठून जायची, बैल कुठे उतरायचे, हे तिथे उभं राहून समजावता येतं.

घाटमाथा

आई बहात्तर वर्षांची आहे. उतरू शकेल का?

कृष्णाकाठ

पायऱ्या दगडी आणि जुन्या आहेत, पण रुंद आहेत. काठी असेल तर महालापर्यंत सावकाश जाता येईल, त्याखाली पाण्याकडे नेऊ नका. नाहीच जमलं तर वरूनही बघता येते आणि वरती झाडांची सावली आहे. दुपारी बारानंतर सूर्य थेट आत येतो, तेव्हा आतलं कोरीवकाम नीट दिसतं. मुलाला खाली न्यायचं असेल तर हात सोडू नका, पाणी खोल आहे.